घरची मंडळी

आमच्या पणजीला गुजराती आकडे येत असत, पण ते कुठून आले हे तिला सांगता येत नसे. शेंगदाण्यांचे वाटे घालताना ती ‘एक, बे, त्रण’ असं मोजायची आणि वीस ओलांडले की मराठीवर यायची. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १९००च्या सुमारास, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये गुजरातेतून ज्या मुली आणल्या गेल्या, त्यांतली ती एक. तेव्हा तिचं वय पाच होतं की सहा, हे सांगायला कोणी उरलं नव्हतं. गावाचं नाव नाही, आडनाव नाही, आईचा चेहरा आठवत नाही. वीसपर्यंतचे आकडे आणि मूठभर शब्द, एवढंच माहेर तिच्याबरोबर केडगावला उतरलं.

मी सत्तरीत आहे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, आणि एकतीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना बायबलच्या गोष्टी सांगितल्या. ‘मुलांना विश्वासात कसं वाढवावं’ या विषयावर बोलायला अजून बोलावतात. तक्ते, खेळ, गाणी, सगळ्यांवर बोलून होतं. पण घरी आले की मला पणजीच आठवते. तिला विश्वासात कोणी वाढवलं? तिला ना आजी होती, ना आत्या, ना मामा. ती सांगायची, की केडगावला चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या हाती तिला सोपवलं होतं. ती मुलगी हिची वेणी घाली, उवा काढी, रात्री हिला कुशीत घेऊन येशूची प्रार्थना म्हणे. पणजी तिला ताई म्हणे. ही ताईदेखील दुष्काळातलीच. दोघींना मिळून एकही नातेवाईक नव्हता.

पुण्यातल्या ख्रिस्ती घरांचा इतिहास बहुधा धर्मांतरापासून सांगतात: अमक्याने अमक्या साली बाप्तिस्मा घेतला, वाड्यात आकांत झाला, जातीबाहेर काढलं, वगैरे. त्या माणसाच्या लेकरांचं पुढे काय झालं, हे सहसा कोणी सांगत नाही. बापाने धर्म बदलला की पोराची आजी जायची, मामाचं गाव जायचं, मुंजीला-लग्नाला जमणारी शंभर माणसं जायची. देव मिळाला तरी गोत गेलं. आणि लहान मुलाला देव कळतो तो गोतातूनच. मग ते गोत नव्याने जमवणं आलं. आपल्या भाषेने इथे मोठी चतुराई केली आहे. चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाला मराठी ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो. मंडळीचे वडील, मंडळीची सभा, अमक्या गावची मंडळी. आणि घरच्या माणसांनाही आपण मंडळीच म्हणतो. जुन्या काळी तर बायकोलासुद्धा. हा शब्द पहिल्यांदा कोणी योजला असेल त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

माझं बालपण पुण्याच्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनच्या घंटांच्या टप्प्यात गेलं. आजोबा छापखान्यात कंपोझिटर. मूळचे राहुरीकडचे, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे. पंचहौदचं पवित्र नाम देवालय मात्र चर्च ऑफ इंग्लंडचं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा निरनिराळी मंडळं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा मोठे समारंभ झाले. आमच्या घरात ते ऐक्य तीसेक वर्षं आधीच झालं होतं, कारण चालत जाण्याजोगं देऊळ तेवढंच होतं.

या पंचहौदला १८७७च्या सुमारास दोन इंग्रजी संघ आले: काउली फादर्स आणि वाँटेजच्या सिस्टर्स. १८८५ साली देवालय उभं राहिलं, शेजारी इटालियन धाटणीचा उंच मनोरा, त्यात आठ घंटा. पुणेकरांना मात्र हे ठिकाण माहीत आहे ते चहामुळे. १८९०च्या ऑक्टोबरमध्ये मिशनमध्ये शहरातली नामवंत मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते, लोकमान्य टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता समोर ठेवू दिला. गोपाळराव जोशींनी नावं वर्तमानपत्रात पोचवली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं भांडण, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे आणि टिळक या दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पंचहौद चहापानाची ही गोष्ट सुधारकांची फजिती म्हणून सांगतात, आणि ती रंगतेही चांगली. मला मात्र दर वेळी वाटतं, न्यायमूर्तींना एका कपाचा एवढा हिशेब द्यावा लागला, तर त्याच आवारात राहणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला पेठेतल्या कुठल्या घरी पाणी मिळत असेल? ते पोर आवारातच वाढणार. सिस्टर, फादर, स्वयंपाकीणबाई, घंटा वाजवणारे काका, तेच त्याचे नातेवाईक.

या नव्या नात्यांची सगळ्यात विलक्षण गोष्ट रमाबाईंच्याच घरातली आहे. पुण्यात ओळख झालेल्या वाँटेज सिस्टर्सच्या आधाराने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंच्या आध्यात्मिक आई झाल्या सिस्टर जेराल्डिन. रमाबाई त्यांना काय म्हणत? आजीबाई! ज्या बाईचे आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, नवरा गेला, तिने इंग्लंडच्या मठात लेकीसाठी आजी शोधून काढली. हा पत्रव्यवहार पुढे आजीबाईंनीच जपला आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो छापला गेला. त्यातली भांडणं मी पुन्हा पुन्हा वाचते.

भांडण मनोरमेवरून आहे. रमाबाई चेल्टनमला लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या. त्रैक्यासारखी चर्चची काही मतं त्यांच्या बुद्धीला पटत नव्हती आणि पटल्याचं सोंग त्यांना येत नव्हतं. आजीबाईंना वाटे, मूल लहान आहे, त्याला चर्चच्या शिकवणीतच वाढू द्यावं. रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं: जे आईने अजून मानलेलं नाही ते मुलीच्या तोंडात घालायचं नाही, माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवीन. आजीबाई दुखावल्या. आपल्याकडच्या कुठल्याही घरात सासू-सुनेचं होतं, तसंच हे झालं. फक्त पत्रं इंग्रजीत होती आणि विषय त्रैक्याचा होता.

आणि मग काही वर्षांनी पुण्याने रमाबाईंवर काय वेळ आणली पाहा. १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. शाळा विधवांसाठी, मुख्यतः वरच्या जातींतल्या मुलींसाठी. धर्माची सक्ती नाही, मुलींनी आपले आचार पाळावेत, अशी अट. सल्लागारांत रानडे, भांडारकर. रमाबाई स्वतः मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत. पण खोलीचं दार उघडं असे. एक मुलगी येऊन बसली. मग दुसरी. बाई कुणाला बोलावत नव्हत्या आणि हाकलतही नव्हत्या. गावात बातमी फिरली, ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ साली रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं आणि कितीतरी पालक आपल्या मुली घेऊन गेले.

आमच्या मंडळीत ही कथा सांगतात तेव्हा पालक खलनायक असतात. मला तसं सांगवत नाही. मुलीला काय शिकवायचं ते आम्ही ठरवू, असं ते म्हणत होते. हेच रमाबाईंनी आजीबाईंना बजावलं होतं. विश्वासाने सोपवलेल्या मुलीच्या पालकाला विचारायला हवं होतं, असं मी मानते. पण दुसरीही बाजू आहे आणि ती मला सोडवत नाही. आई आपल्या मुलीला घेऊन प्रार्थना करते, तेव्हा तिने दार लावून घ्यायचं का? त्या मुलींना घरात कोणी जवळ घेत नव्हतं. त्यांनी बाहेरून पाहिलं ते मायलेकींना पाहिलं. प्रवचनाने कोणी आलं नसतं. शारदा सदनातल्या त्या उघड्या दारातून जे आत गेलं, तेच पुढे केडगावला माझ्या पणजीच्या ताईपर्यंत पोचलं.

मनोरमा पुढे इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतली आणि केडगावला आईच्या कामात उभी राहिली. १९२१ साली ती आईआधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं सोप्या मराठीतलं बायबल मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी जुळवलं आणि १९२४ साली पूर्ण बाहेर आलं. शेतातल्या बाईला आणि शाळेतल्या पोरीला कळावं, एवढाच त्या भाषेचा हट्ट आहे.

त्या काळच्या ख्रिस्ती मुलांची, घरची माणसं आणि परकी माणसं यांच्यात, अशी वाटणी सगळीकडे दिसते. काउली फादर्सबरोबर राहिलेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे नेहेम्या गोऱ्हे, यांची मुलगी एलेन लक्ष्मी. तिची आई ती तान्ही असतानाच गेली. मुलगी परक्या इंग्रज घरांत वाढली, इंग्लंडला गेली, इंग्रजीत भक्तिगीतं लिहू लागली आणि १८८० साली परत आली ती हिंदुस्थानात सेवा करायला. पुण्याचंच सोराबजी घराणं घ्या. आई फ्रान्सिना ही फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने वाढवलेली. तिने पुण्यात शाळा काढल्या. मुलगी सुझी हिने १९०८ साली सेंट हेलेनाज शाळा सुरू केली. कॉर्नेलिया वकिलीकडे गेली आणि नाव तिचंच झालं, पण या घराचा खरा धंदा शाळेचा. ज्यांना कोणी आपलं म्हणून वाढवलं, त्यांनी इतरांच्या पोरांना आपलं म्हटलं, एवढंच मला यात दिसतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घर तर फाटलंच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या, दत्तू त्यांच्याजवळ. काही वर्षं ताटातुटीची गेली. मग त्या नवऱ्याकडे आल्या, त्यांचा सोवळ्याचा पीळ हळूहळू सुटला आणि १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचलं त्याला हे सांगायला नको. ज्याने वाचलं नसेल त्याने माझा लेख बाजूला ठेवून आधी ते वाचावं. टिळकांच्या घरात नेहमी परकी पोरं असत. बालकवी ठोंबरे त्यांतलेच एक, आणि ते ख्रिस्ती नव्हते. दत्तू म्हणजे देवदत्त पुढे ‘ज्ञानोदय’चे संपादक झाले आणि आईला लिहितं करण्याचं श्रेयही त्यांचंच.

टिळकांनी आम्हांला दिली ती गायने. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत, आणि त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. याचा घरातल्या मुलांवर काय परिणाम झाला ते पंडितांनी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते. इंग्रजी चालीवरचं गीत गायला पेटी लागे, शिकवणारा लागे. ओवी आणि अभंगाला आजी पुरे. आमच्या आजीला नीट वाचता येत नव्हतं, पण ‘उपासना संगीत’मधली कितीतरी गायने तिला पाठ होती. पुस्तक तिने उशाशी ठेवलेलं असे, पुठ्ठ्यावर खोबरेल तेलाचा गोल डाग. संध्याकाळी दिवा लागला की भाताचं आधण ठेवून ती ओट्याला पाठ टेकून बसे आणि सुरुवात करी. आम्ही चारही नातवंडं आपोआप भोवती येऊन बसायचो, कारण गाणं संपल्याशिवाय पानं घेतली जात नसत. तिसऱ्या कडव्याला झाकण थडथडायला लागे. ती गाता गाताच उठे, गॅस नव्हे, स्टोव्हची चावी फिरवी, परत येऊन पुढची ओळ धरी. एकही मात्रा चुकत नसे. माझ्या डोक्यात अजून उकळत्या भाताचा वास आणि ‘माउली’ हा शब्द वेगळे होत नाहीत.

रविवारची शाळा ही त्यामानाने परकी वस्तू. १७८० साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी ती नावारूपाला आणली, आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना सुटीच्या दिवशी अक्षरं यावीत म्हणून. हिंदुस्थानात १८७६ साली तिचा अखिल भारतीय संघ झाला. हजेरीचे तारे, सुवर्णवचन, परीक्षा, बक्षीस-समारंभ हे सगळं त्यातून आलं. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ साली काढलेल्या ‘बालबोधमेवा’ मासिकाने मात्र मुलांना मराठीत वाचायला काहीतरी चांगलं दिलं, आणि ते ख्रिस्ती घरांपुरतं राहिलं नाही. शाळेची मी निंदा करत नाही. एकतीस वर्षं मीच चालवली. पण तिच्याबद्दलचा माझा गर्व एका रविवारी उतरला.

वर्गात एक मुलगा होता, कधीच वचन पाठ करून आला नाही. वर्षअखेरीला मी त्याचं नाव बक्षिसाच्या यादीतून गाळलं. पुढच्या रविवारी त्याची आजी काठी टेकत आली, मागच्या बाकावर बसली. भांडायला आली असेल असं वाटलं. तिने नाताळच्या फराळाचा डबा पुढे केला आणि सहज बोलता बोलता सांगितलं, की तिला दिसत नाही, तर नातू रोज रात्री स्तोत्रं वाचून दाखवतो, वाचताना ओळी गाळतो, मग ती त्याला पुन्हा वाचायला लावते. ‘लई आळशी हाय,’ म्हणाली. मी त्याला बोलावून तेविसावं स्तोत्र म्हणायला सांगितलं. म्हणाला, पण मधल्या दोन ओळी खाऊन. यादी छापून आली होती. बक्षीस दिलं नाही. आजही ते मला टोचतं.

डबा निघाला म्हणून सांगते. आमच्या नाताळाला केक असतो, लष्कर भागातल्या बेकरीसमोर रांग लावून आणलेला. पण शेजारीपाजारी जातं ते ताट करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचं. पेठेत दिवाळीला जी ताटं आमच्याकडे येत, त्यांची परतफेड डिसेंबरात. करंज्या करायला मंडळीतल्या पाच-सहा बाया एका घरी जमत, आम्ही मुलं मुरड घालायला. कोण कोणाची धर्ममाता, कोणाच्या बाप्तिस्म्याला कोण पाळक होते, कोणाचं दृढीकरण कोणाबरोबर झालं, ही सगळी वंशावळ मला त्या परातीभोवती कळली. धर्ममाता म्हणजे नुसतं नाव नव्हे. माझी धर्ममाता ससूनमध्ये नर्स होती. माझी दहावीची फी तिने भरली, आणि त्याच अधिकारात उपासनेला दांडी मारली म्हणून माझा कानही पिळला.

हे फार गोड होतंय, तर एक कडू गोष्टही सांगते. या नव्या गोतात जात शिरलीच. गोऱ्हे, रमाबाई, टिळक ब्राह्मणांतले. नगरकडची बहुतेक मंडळी महार-मांग वाड्यांतली. एका बाकावर बसत, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेत, पण सोयरीक निघाली की आवाज खाली जाई. माझ्या आत्याला एका घरून मागणी आली तेव्हा आमच्याच माजघरात बसून पाहुण्यांनी विचारलं, ‘मूळचे कोण तुम्ही?’ आजोबा गप्प. पणजी कोपऱ्यात शेंगा सोलत होती. तिने वर न बघता सांगितलं, ‘मूळचे मुक्तीचे.’ लग्न मोडलं. आत्याचं पुढे दुसरीकडे चांगलं झालं. मुलांनी तेव्हा काय शिकायचं ते शिकून घेतलं. त्यासाठी रविवारची शाळा लागली नाही.

आता पंचहौदची बरीच घरं वडगाव शेरी, पिंपरी, कोंढव्याकडे गेली. रविवारी मुलं गाडीतून येतात, उपासना झाली की तशीच जातात. आजी कुठे नगरला, कुठे मोबाइलवर. पाळकसाहेब विचारतात, मुलांसाठी नवीन काय करावं. मी म्हणते, तक्ते राहू द्या, महिन्यातून एकदा त्यांना कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसवा.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी जुनी बाप्तिस्म्याची चिठ्ठी असेल, तर तिच्यावर धर्ममाता-धर्मपित्यांची नावं असतील. ती माणसं कोण होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. पणजीच्या ताईचं नाव मी विचारायची राहिले.